अंगणातले झाड आणि अंगणाखालची टाकी

बंगला बांधून होतो, वास्तुशांत उरकते आणि पहिला पाऊस पडला की घरमालक सहकुटुंब नर्सरी गाठतो. मुलीला गुलमोहर हवा असतो, आजीला पारिजातक, आणि खुद्द मालकाला शेजारच्या फाटकापाशी आहे तसले, कात्रीने गोल कापलेले काहीतरी. नर्सरीवाला ऊन किती येते ते विचारतो, बोअरला पाणी आहे का विचारतो, फार तर माती काळी की तांबडी एवढे विचारतो. टाकी कुठे आहे हे तो विचारत नाही आणि मालकही सांगत नाही. खरे तर मालकालाही ते धड आठवत नसते. टाकी गवंड्याने बांधली, प्लंबरने जोडली, वर माती लोटली, पेव्हर ब्लॉक बसले आणि विषय संपला.

विषय पुन्हा निघतो तो पाच-सात वर्षांनी. संडासातले पाणी उतरायला वेळ लागतो, न्हाणीघराच्या जाळीतून बुडबुड आवाज येतो, पूर्वी तीन वर्षांनी बोलवावा लागणारा टँकर वर्षात दोनदा दारात उभा राहतो. सगळे खापर टाकीवर फुटते. गवंड्याने लहान बांधली, उतार चुकवला, पाइप हलका वापरला. यातले काही खरेही असते. पण बऱ्याचदा दुसरा भिडू वर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, फुललेला उभा असतो.

महाराष्ट्रातली अनेक तालुक्याची गावे, मोठ्या शहरांच्या कडेने वाढलेल्या प्लॉटिंग स्कीम, कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाड्या यांच्या घरापर्यंत ड्रेनेजची सार्वजनिक लाइन आलेली नाही. तिथे प्रत्येक घराचे मैलापाणी त्याच घराच्या आवारात मुरते. म्हणून अशा आवारात शोभेचे झाड निवडताना फूल, रंग, सावली हे नंतरचे प्रश्न. पहिला प्रश्न एकच: जमिनीखाली काय आहे आणि ते या खड्ड्यापासून किती फुटांवर आहे?

खाली काय चालते

सेप्टिक टँक म्हणजे निव्वळ साठवणीची टाकी नव्हे. घरातून आलेला मैला तिच्यात संथ होतो. जड गाळ तळाशी बसतो, तेल-साबणाची साय वर तरंगते आणि मधले त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढच्या पाइपातून बाहेर पडते. तळच्या गाळावर हवेशिवाय जगणारे जिवाणू काम करतात. भारतीय मानक २४७० नुसार अशा टाकीची रुंदी किमान ७५० मिलिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर आणि पाणी मावण्याची क्षमता किमान १००० लिटर असावी, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. बाहेर पडलेले पाणी स्वच्छ नसते. ते शोषखड्ड्यात जाते आणि तिथून मातीत मुरते. खरे शुद्धीकरण पुढे मातीतच होते.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमरन या अभियंत्याने १८९५ च्या सुमारास अशी टाकी बांधली आणि 'सेप्टिक टँक' हे नाव रूढ झाले. मुंबईही फार मागे नव्हती. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतून निघणारा गॅस वापरात आणला गेला, आणि मैल्यापासून ऊर्जा मिळवण्याच्या जगातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याची गणना होते.

खेड्यात चित्र थोडे निराळे असते. स्वच्छ भारत अभियानात गावोगावी बांधलेल्या अनेक शौचालयांना टाकी नाही, दोन शोषखड्डे आहेत. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचे आणि पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा. या खड्ड्यांच्या भिंतीत विटा मुद्दाम फटी ठेवून रचलेल्या असतात, कारण पाणी बाजूने झिरपायला हवे. पाण्याला बाहेर जायला ठेवलेली वाट मुळाला आत यायलाही तेवढीच मोकळी असते.

मुळाची वाट

मुळाला पाण्याचा वास येतो, असे माळी सांगतात. प्रत्यक्षात मूळ सगळीकडे चाचपत जाते आणि जिथे ओल, हवा आणि खत एकत्र मिळेल तिथे फुटवे काढते. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. मे महिन्यात आवारातली माती कोरडी ठणठणीत होते आणि त्याच वेळी शोषखड्ड्याला मात्र रोज पाणी मिळत असते. शहरी पाणीपुरवठ्याचे माणशी १३५ लिटर हे प्रमाण धरले, तर पाच माणसांच्या घरातून दिवसाला पावणेसातशे लिटरपर्यंत पाणी जमिनीखाली जाते, तेही नत्र आणि स्फुरद घेऊन. कोणते झाड इतके आमंत्रण नाकारेल? भर उन्हाळ्यात आवारातले एकच झाड इतरांपेक्षा गडद हिरवे दिसत असेल, तर त्याचे मूळ कुठे पोचले आहे हे वेगळे विचारायला नको.

मुळे फार खोल जातात हाही गैरसमज आहे. झाडाची बहुतेक पोषणमुळे वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंत पसरतात. घरापासून टाकीपर्यंतचा पाइप साधारण त्याच थरातून जातो.

आता सांध्यांचा हिशेब करा. जुन्या घरांत चिनी मातीचे पाइप असत, दोन-दोन फुटांचे. तीस फुटांच्या लाइनीला असे पंधरा तुकडे लागत आणि प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला असे. जमीन जरा हलली की सिमेंटला चीर पडते. केसाएवढे मूळ त्या चिरेतून आत जाते, आत जाड होते आणि चीर रुंदावते. आजचा पीव्हीसी पाइप वीस फुटांचा येतो, सांधा सोल्युशनने चिकटतो. त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला आहे, पण संपलेला नाही. पाइप जिथे विटांच्या चेंबरमध्ये शिरतो, तिथली कड अजूनही सिमेंटचीच असते आणि मूळ तिथूनच आत येते.

जुन्या बंगल्यांच्या कॉलनीत तुंबलेले चेंबर उघडताना एकदा बघावे. झाकणाच्या कडेचे सिमेंट छिन्नीने फोडतात, पहारीने झाकण उचलतात. आत पाणी काठोकाठ. बांबूची लांब पट्टी पाइपात सारली की काही फुटांवर ती अडते, ढकलली तर लवते. मग टोकाला लोखंडी आकडी बांधून पिळत पिळत ओढतात आणि बाहेर येते ते नारळाच्या काथ्यासारखे, पाइपाच्याच आकारात घडलेले तपकिरी मुळांचे शेपूट. त्यात केस, साबणाची चिकटण, प्लॅस्टिकचे तुकडे गच्च अडकलेले. शेपूट निघताच पाणी घळाघळा उतरते आणि सगळ्यांना हायसे वाटते. पण मूळ तुटले आहे, मेलेले नाही. पुढच्या हंगामात त्याच ठिकाणी त्याला अधिक फुटवे येतात.

मातीचाही यात वाटा आहे. पठारावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. या ओढाताणीत पाइपाचे सांधे सुटतात. शिवाय तिच्यात पाणी लवकर मुरत नाही, म्हणून शोषखड्ड्याभोवती कायम ओल राहते. मुरमाड जमिनीत पाणी चटकन जिरते, त्रास कमी. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जांभ्यात फटी आणि पोकळ्या भरपूर. तिथे पाणी मुरते, पण शेजारच्या विहिरीपर्यंतही पोचते. म्हणूनच मानकात शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत किमान १८ मीटर अंतर सांगितले आहे. जांभा चिऱ्याच्या भिंतीतून मुळेही सहज वाट काढतात.

ज्यांना आवार पुरत नाही

पहिला मान वडाच्या कुळाला. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांना बंगल्याच्या आवारात जागा नाही. उंबर तर पाण्याची खूण मानला गेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत भूजलाच्या खुणा सांगणारे दकार्गल नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात उंबराचा उल्लेख येतो. विहिरीची जागा दाखवणारे झाड शोषखड्ड्याची जागाही शोधणारच. याच कुळातले फायकस बेंजामिना आणि रबराचे झाड नर्सरीतून गोल, चौकोनी कापून कुंडीत मिळतात. कुंडीत ती शहाणी राहतात. फाटकाशी जमिनीत उतरवली की चार-पाच वर्षांत पेव्हर उचलतात. जुन्या टाकीच्या भिंतीत किंवा व्हेंट पाइपाच्या बुंध्याशी पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेले पिंपळाचे रोप दिसले, तर ते वीतभर असतानाच उपटावे. नंतर ते उपटताना भिंत सोबत येते.

गुलमोहर आणि पीतमोहर रस्त्याच्या कडेला शोभतात. दोघांची मुळे उथळ आणि लांबवर जाणारी. बुचाची फुले कितीही सुंदर असली, तरी त्याच्या मुळांपासून आवारभर पिलावळ उठते. बांबूचे बेट दरवर्षी घेर वाढवते आणि वरच्या दोन फुटांत तंतुमुळांचा घट्ट गालिचा विणते. निलगिरी आणि रेन ट्री यांचा तर विचारच नको.

अलीकडची भर म्हणजे कोनोकार्पस. झपाट्याने वाढते, बारमाही हिरवे, कुंपणाला दाट भिंत होते, म्हणून ते सगळीकडे लागले. याच झाडावर गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. मुळांमुळे जमिनीखालच्या केबल, ड्रेनेज आणि पाण्याच्या लाइनींचे होणारे नुकसान हे त्यामागच्या कारणांपैकी एक होते. नर्सरीत 'कमी पाण्यात जलद हिरवळ' असे सांगून कुणी ते पुढे केले, तर हात जोडावेत.

चुकीचे झाड लावले, नंतर काढून टाकू, असे म्हणणाऱ्यांनी कायदाही ध्यानात घ्यावा. महाराष्ट्रात नागरी भागातले झाड, स्वतःच्या आवारातले असले तरी, १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जाही दिला. हे योग्यच आहे. म्हणून लावतानाच पन्नास वर्षांचा विचार करायचा.

गुंठ्याचा हिशेब

बागकामातला ढोबळ नियम असा: झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होणार, तेवढ्या अंतरावर ते टाकी आणि शोषखड्ड्यापासून असावे. लहान शोभेच्या झाडांना किमान दहा फूट. वडाच्या कुळाला आणि बांबूला पन्नास फूटही थोडे.

हा नियम आपल्या प्लॉटवर लावून बघा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दोन गुंठ्यांचा प्लॉट साधारण ४५ बाय ४८ फुटांचा. त्यात घर उभे राहिले की चारही बाजूंना दहा-दहा फुटांच्या पट्ट्या उरतात. मागच्या पट्टीत टाकी आणि शोषखड्डा, एका बाजूने पाइप, दुसऱ्या बाजूला बोअर आणि पाण्याची टाकी. पूर्ण वाढलेल्या गुलमोहराचा घेरच चाळीस फुटांचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा प्लॉट. अशा आवारात मोठ्या वृक्षाला जागा नाही, हा नकाशाचाच निकाल आहे. वड-पिंपळ लावायची हौस असेल तर गावाची गायराने, शाळांची मैदाने, देवळांची पटांगणे आहेत. तिथे ते हवेतच.

ज्यांची मैत्री निभते

दोन गुंठ्यांत बसणारी झाडे मराठी परसाला जुन्या ओळखीची आहेत. पारिजातक दहा-पंधरा फुटांवर छाटून ठेवता येतो, पहाटे सडा घालतो आणि मुळांचा पसारा बेताचा ठेवतो. तगर, अनंत, कुंती ही तर मोठी झुडपेच. कुंती पांढरी फुलली की अख्खी गल्ली दरवळते आणि पाइपापासून सहा-सात फुटांवर ती निर्धास्त लावावी. जास्वंदही याच पंगतीतली.

देवचाफ्याची निवड मात्र थोड्या विचाराने करावी, कारण त्याचे गणित उलटे आहे. तो फांद्यांत पाणी साठवतो, कोरडेपणा सहज सोसतो, त्याची मुळे आक्रमक नाहीत. पण सतत ओलीत राहिला तर त्याचे खोड कुजते. म्हणून टाकीपासून दूर राहण्यात त्याचेच हित आहे. आवाराची कोरडी, उंच बाजू त्याची. कण्हेर याच्या विरुद्ध. ती रानात नाल्या-ओढ्यांच्या काठी वाढते, ओलीकडे धावते, शिवाय विषारी. लहान मुले असलेल्या घरात आणि पाइपाजवळ तिला टाळलेले बरे.

सोनचाफा बियांपासून वाढवला तर मोठा वृक्ष होतो. आवारासाठी कलम घ्यावे. ते लवकर फुलते आणि छाटणीने आटोक्यात राहते. आपटा हे तर आपण विसरलेले शोभेचे झाड. लहान चण, वाकडातिकडा बुंधा, कमी पाण्यावर तग धरणारा. दारात आपटा असला तर दसऱ्याला बाजारातून कांचनाची पाने 'आपटा' म्हणून आणावी लागत नाहीत.

मध्यम झाडांत बहावा आणि तामण हे मोहाचे. बहाव्याला पंचवीस-तीस फुटांची मोकळीक देता येत असेल तर जरूर लावावा. तामण म्हणजे आपले राज्यपुष्प, पण त्याचे मूळ घर ओढ्या-नद्यांच्या काठी. ते पाण्याकडे ओढ घेणारच. प्लॉट मोठा असेल, टाकी मागे आणि तामण पुढच्या टोकाला असेल, तरच त्याचा हट्ट धरावा.

पाम जातींचा एक फायदा आहे. सुपारी, ॲरेका, फॉक्सटेल यांची मुळे तंतुमय असतात आणि वयाबरोबर जाड होत नाहीत, त्यामुळे भिंत किंवा फरशी उचलत नाहीत. मात्र फुटलेल्या पाइपात त्यांचेही जाळे भरते, तेव्हा सहा-आठ फुटांचे अंतर त्यांनाही द्यावे.

टाकीच्या डोक्यावर

टाकीच्या स्लॅबवर कोणतेही खोडाचे झाड नको. झाकण उघडता आले पाहिजे आणि टँकरचा पाइप पोचायला वाट हवी. तिथे उचलून ठेवता येतील अशा कुंड्याच बऱ्या. शोषखड्ड्यावर सिमेंट किंवा पेव्हर ओतणेही चूकच. जमिनीला श्वास घेऊ द्यावा. वर हरळी, पावसाळी लिली, कडेने कर्दळ असली तर पाने बरेचसे पाणी हवेत सोडतात आणि खड्ड्यावरचा भार हलका होतो. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पतींच्या वाफ्यांतही कर्दळ बऱ्याचदा असते. खाण्याच्या पालेभाज्या आणि कंद मात्र इथे लावू नयेत.

आमच्या परसात पूर्वी न्हाणीच्या पाण्यावर केळी, अळू वाढायचेच की, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण ते न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी होते. संडास परसाच्या टोकाला, वेगळा. आता दोन्ही पाणी एकाच टाकीत जातात आणि जुन्या परसाची रीत तशीच्या तशी चालत नाही. नवे घर बांधणाऱ्याने न्हाणीचे पाणी वेगळ्या पाइपाने बागेत काढले, तर टाकीवरचा ताण निम्म्याहून कमी होतो आणि केळीचा कोपराही परत मिळतो.

मैल्याचे खत करण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून सोनखताचे आणि सोप्या संडासांचे प्रयोग केले. पुढे झिंबाब्वेत पीटर मॉर्गन यांनी 'आर्बोरलू' रुजवला: उथळ खड्डा भरला की संडास पुढे सरकवायचा आणि भरल्या खड्ड्यावर माती घालून झाड लावायचे. पाणी आणि स्वच्छतेच्या कामासाठी त्यांना २०१३ चा स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. यातला धडा आपल्यालाही लागू आहे. वापरात असलेल्या खड्ड्याजवळ झाड नको, पण कायमच्या बंद झालेल्या खड्ड्यावर झाडासारखे दुसरे काही नाही. गावात ड्रेनेज लाइन आली आणि जुनी टाकी निकामी झाली, तर ती पूर्ण उपसून, तळ फोडून, मुरूम-मातीने भरून एक-दोन पावसाळे दबू द्यावी. मग तिथे सोनचाफ्याचे कलम खुशाल लावावे.

झाड आधीच उभे असेल तर

झाड तोडणे हा शेवटचा उपाय. आधी पाइप बदलावा. चिनी मातीची लाइन काढून पीव्हीसी टाकावी, चेंबरच्या कडा नीट बंद कराव्यात. मोरचूद ओतून मुळे मारण्याचा घरगुती उपाय अनेकजण सुचवतात. त्याने टाकीतले उपयोगी जिवाणूही मरतात आणि तांबे जमिनीत, जवळ विहीर असेल तर विहिरीत उतरते. टाकी वेळेवर उपसणे हा सगळ्यांत स्वस्त इलाज. साताऱ्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर नगरपरिषदांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या ठरवून उपसण्याची पद्धत सुरू केली. इतर गावांनी ती उचलावी. वेळेवर उपसलेल्या टाकीचा गाळ पुढे शोषखड्ड्यात जात नाही, आणि उपसताना आत डोकावणारी मुळेही वेळीच दिसतात.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. टाकीत वाढलेली मुळे कापण्यासाठी माणूस आत उतरवू नये, मग तो माळी असो, मजूर असो वा सफाई कामगार. टाकीतला गॅस दिसत नाही आणि दोन श्वासांत माणूस कोसळतो. वाचवायला उतरणारा दुसराही तिथेच राहतो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवण्यास मनाई केली आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये १० लाख रुपयांची भरपाई ठरवली होती, ती २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. काम यंत्राने होते, ते यंत्रानेच करून घ्यावे.

या पावसाळ्यात नर्सरीत जाण्याआधी घराचा मंजूर नकाशा काढावा. टाकी, शोषखड्डा, पाइप आणि चेंबर यांच्या खुणा करून अंतरे मोजावीत आणि तो कागद नर्सरीवाल्यासमोर ठेवावा. झाड निवडायला मग फार वेळ लागत नाही, आणि दहा वर्षांनी कुणाला आपल्या टाकीत उतरायची पाळी येत नाही.